वस्त्रगाळ हवा

आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की सगळे लोक नारळ, हार आणि पेढ्यांच्या भोवती जमायचे. पोतनीसकाका मात्र गाडीचं डावं दार उघडून आत वाकायचे, पुढच्या सीटसमोरचा खण दोन्ही बाजूंनी दाबून उपसायचे आणि त्यामागच्या पोकळीत टॉर्च मारून बघायचे. मालकाच्या तोंडातला पेढा अजून विरघळलेला नसायचा, तोवर आतून आवाज यायचा, "एम ना चाले."

असं चालणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण काकांच्या तोंडून ते ऐकलं की नव्या गाडीच्या मालकाला आपली फसगत झाली असं हमखास वाटायचं. काका बोलायचे मराठीच, शुद्ध, वळणदार. पूर्वज संस्थानच्या दप्तरात कारकुनी करत होते, त्यांचं वळण उरलं होतं. फक्त नापसंती मात्र गुजरातीत. बडोद्यातल्या वाडी भागाच्या बोळात वाढलेल्या मराठी माणसाचं असंच असतं, भांडण बाहेर शिकलेलं असतं आणि माया घरात.

त्या पोकळीत काय असायचं? बहुतेक वेळा काहीच नसायचं, आणि काकांचं दुखणं नेमकं तेच होतं. गाडीच्या ए.सी.ची हवा जिथून आत येते तिथे एक फिल्टर बसवायची जागा असते. वहीएवढी चौकट आणि तिच्यात पांढऱ्या कापडाच्या घड्या. धूळ, धूर, पानं, पिसं, सगळं तिथेच अडतं. आता ही गोष्ट शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पण मी सांगतेय ती दोन हजार चार-पाचची गोष्ट. तेव्हा स्कूटरवाले नुकतेच गाडीवाले होत होते, आणि स्वस्तातल्या गाड्यांना कंपनी ती जागा ठेवायची, फिल्टर ठेवायची नाही.

काकांनी स्वतःची गाडी घेतली तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. गोरव्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. लोकांनी केलेले सुटे भाग मोजायचे आणि परत पाठवायचे, हे काम. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा काकांनाही स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. त्या शब्दातली स्वेच्छा कुणाची ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मिळाले त्या पैशांतून त्यांनी ए.सी. असलेली छोटी पांढरी गाडी घेतली. सोसायटी म्हणाली, पोतनिसांना म्हातारपणी शौक सुचले. मीसुद्धा म्हणाले. माझं तोंड काही कमी नाही.

शौक नव्हता तो. शालिनीकाकूंना दमा होता. आमचा वाघोडिया रोड तेव्हा चहूबाजूंनी खणलेला. इकडे फ्लॅट, तिकडे दुकानांची इमारत, सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहावं इतकी सिमेंटची धूळ. काकू दारं-खिडक्या लावून बसायच्या आणि तरी खोकायच्या. डॉक्टर म्हणाले होते, औषध मी देतो, हवा तुम्ही आणा. काकांनी हे वाक्य शब्दशः घेतलं. बडोद्यात स्वच्छ हवा मिळेल अशी एक बंद खोली त्यांना हवी होती, आणि चाकांवरची खोली त्यांच्या ऐपतीत बसली.

आणि मग तिसऱ्या दिवशी माहितीपुस्तिका वाचताना त्यांना कळलं की त्या खोलीला गाळणीच नाही. ते तडक शोरूमला गेले. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने सांगितलं, अंकल, या मॉडेलमध्ये येत नाही, कुणी मागतही नाही. काका घरी आले आणि कामाला लागले.

पहिला फिल्टर त्यांनी स्वतः केला. पत्र्याची चौकट कापली, आणि कापड म्हणून काकूंचा चक्का बांधायचा पंचा घेतला. मलमलीचा, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेला. वैद्य लोक चूर्ण वस्त्रगाळ करून देतात ना, तशी ही वस्त्रगाळ हवा, असं त्यांनी आम्हाला समजावलं. हिशोब चोख होता. फक्त पंचा कितीही धुतला तरी त्यातून दह्याचा आंबूसपणा जात नाही, हे कुणी मोजलं नव्हतं. पंधरा दिवस त्यांच्या गाडीत बसलं की पुढे श्रीखंडाचं ताट येणार असं वाटायचं. काकू हसून हसून बेजार झाल्या, आणि हसल्या की त्यांना खोकला यायचा, म्हणून काकांनी पंचा काढला. गावातली सुट्या भागांची सगळी दुकानं पालथी घालून त्यांनी मापाचा खरा फिल्टर मिळवला. वस्त्रगाळ हवा हा शब्द मात्र राहिला.

त्यानंतर त्यांनी सोसायटीच धरली. माझी तांबडी गाडी, सेकंडहँड, बँकेत जाण्यापुरती. एका रविवारी ते पाट घेऊन आले. हो, बसायचा पाट. तो दाराशी मांडून त्यावर बसायचे, तोंडात टॉर्च धरायचे आणि डोकं खणाच्या जागी घालायचे. खाली गुजराती वर्तमानपत्र पसरलेलं. माझ्या गाडीत नशिबाने फिल्टर होता, पण कंपनीतून आला तेव्हापासूनचा. त्यांनी तो ओढून काढला आणि कागदावर आपटला. कडुनिंबाचा वाळका मोहोर पडला, कबुतराचं पीस पडलं, काळी भुकटी पडली. "माधवीबेन," ते म्हणाले, "हे तुम्ही श्वासातून खात होता." मी त्या दिवशी दुपारी जेवले नाही.

मग नव्या फिल्टरच्या कडेवरचा बाण दाखवायचे. हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेने बाण. उलटा बसवला तर एम ना चाले. घड्या मोजायचे. त्यांना घड्या मोजायचं वेडच होतं. गणपतीत आमच्याकडे आले तर मोदकाच्या कळ्या मोजल्या आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, या ताटात दोन मोदक नऊ कळ्यांचे आहेत. सासूबाईंनी त्यांना तेच दोन वाढले.

काकूंची खोली मात्र छान चालली. सकाळी अर्धा तास फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली गाडी चालू करून काकू आत बसायच्या, काचा बंद. मेथी निवडायच्या, शेंगा सोलायच्या, पेपर वाचायच्या. जाणारे-येणारे हात हलवायचे, त्या आतून बोलायच्या आणि बाहेर काही ऐकू यायचं नाही. संध्याकाळी काका त्यांना फिरवून आणायचे. आत शिरून दार लागलं की त्या डोळे मिटून "हाश" म्हणायच्या. दिवसातला तेवढा वेळ त्यांची छाती वाजायची नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. होता तो सगळा जीव एकमेकांत, आणि काकांचा थोडासा त्या चौकटीत.

फिल्टर ते दर महिन्याला बदलायचे. इतक्यांदा बदलायची गरज नसते हे त्यांनाही माहीत होतं.

आता मसाल्याचं सांगायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वर्षाचा मसाला भरतात. पाणीगेटच्या बाजूला मंडप पडतात, मिरच्यांचे ढीग, हळकुंडांची पोती, धने, आणि तिथेच दळायची यंत्रं. धडधाकट माणूसही तिथून शिंकत बाहेर येतो. काकूंचा गोडा मसाला म्हणजे आमच्या दहा घरांचं वर्षाचं जेवण. दमा वाढल्यावर भाजणं मी माझ्या ओट्यावर करायला लागले आणि काकू त्यांच्या घरून फोनवर सांगायच्या. पण माल निवडणं त्यांनी कुणावर सोडलं नाही. काका त्यांना गाडीतून मंडपापाशी न्यायचे. काचा बंद. काकू आतून बोट दाखवणार, काका उतरून मूठभर आणणार, काचेसमोर धरणार. काकू रंग बघणार, मान हलवणार.

पहिल्या वर्षी परत आल्यावर काकू माझ्याकडे येऊन टेकल्या. मग म्हणाल्या, "माधवी, दगडफूल घ्यायचं असतं ते नाकाने. डोळ्यांना ते वाळलेल्या शेवाळासारखंच दिसतं गं."

दुसऱ्या वर्षी त्यांनी काकांना सांगितलं, एक दिवस तो फिल्टर काढा, मी नाकावर पदर धरीन. मी तिथेच होते. काका म्हणाले, एम ना चाले. बायकोशी ते गुजराती बोललेले मी तेवढ्या एकदाच ऐकले. काकूंनी परत विषय काढला नाही. त्या वर्षीचा मसाला मी भाजला, दळून आणला, आणि खरं सांगायचं तर त्याला चव नव्हती. दहाही घरांनी छान झालाय म्हणून सांगितलं.

तिसऱ्या वर्षी काकू थकल्या होत्या. तरी गेल्या. संध्याकाळी पिशवी द्यायला स्वतः माझ्याकडे आल्या. तळमजल्यावरचंच घर माझं, पण तेवढ्यानेही धाप लागली होती, आणि तोंड मात्र उजळलेलं. दगडफूल माझ्या नाकाशी धरलं. म्हणाल्या, या वर्षी बरं मिळालं, धने आधी भाज आणि घाई करू नकोस. एवढंच बोलल्या. त्या रात्री त्यांना जोराचा झटका आला. चार दिवस दवाखान्यात होत्या.

घरी आल्यावर काकूंनी गाडीत बसणं सोडलं. काका सकाळी गाडी काढून कडुनिंबाखाली लावायचे, दार उघडून उभे राहायचे. काकू खिडकीतून मानेनेच नाही म्हणायच्या. मग ते गाडी परत जागेवर लावायचे. हे आम्ही रोज बघत होतो. का, ते कुणी विचारलं नाही. श्रावणात काकू गेल्या.

त्यानंतर काकांनी गाड्यांचे खण उघडणं बंद केलं. सोसायटीत दोन नव्या गाड्या आल्या, पेढे वाटले गेले, काका गॅलरीतून बघत उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या काचेवर पोरांनी बोटाने चित्रं काढली. मला हे सहन होईना. माणूस दुःख करतो ते कळतं, पण दुःखाला काही काम तरी हवं हातात. संक्रांतीचं उत्तरायण झाल्यावर मी नवा फिल्टर विकत आणला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, काका, माझ्या गाडीत बसलं की डोकं दुखतं, मला तो खण उघडता येत नाही. डोकं दुखत नव्हतं, आणि खण मला चांगला उघडता येत होता, त्यांनीच शिकवला होता.

ते आले. पाट आणायचा विसरले, म्हणून मी आमचा दिला. खण काढला, वर्तमानपत्र पसरलं, जुना फिल्टर ओढला. आपटला नाही. तसाच मांडीवर धरून बसले. नवीन आणलेला मी त्यांच्या हातात दिला तर तोही दुसऱ्या हातात धरून बसले.

मग बोलले. माझ्याकडे न बघता, त्या रिकाम्या पोकळीकडे बघत.

म्हणाले, तिसऱ्या वर्षी मसाल्याला निघायच्या आधी त्यांनी फिल्टर काढून कपाटावर ठेवला होता. काकूंना सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत आपण होऊन एखादी वस्तू अपुरी सोडली ती तेवढीच. पाणीगेटपर्यंत जाता जाता काकू हळूहळू ताठ बसल्या. म्हणाल्या, कुठेतरी भजी तळतायत. मग म्हणाल्या, रंधा मारतायत, सागवान आहे. सेवउसळीचा रस्सा उकळतोय. गुलाबाच्या माळा. डोळे मिटून एकेक ओळखत होत्या, आणि काका गाडी हळू, आणखी हळू चालवत होते, मागचे हॉर्न मारत होते. मंडपापाशी काकांनी मूठ काचेसमोर धरली तेव्हा काकूंना बंद काचेआड दगडफूल कळलं.

येताना त्यांना खोकला सुरू झाला. तेव्हा त्यांनी विचारलं, "फिल्टर आहे ना हो जागेवर?"

"मी आहे म्हणालो," काका म्हणाले. "का म्हणालो मला माहीत नाही. नियम मोडला ते सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात असताना घरी येऊन आधी तो परत बसवला. पण ती नंतर गाडीत बसेना. आता मला गाडीतही जमत नाही, म्हणाली. तिला वाटलं, तिथलीही हवा तिच्या छातीला पुरेनाशी झाली. माधवीबेन, तिला एकच जागा होती. ती मी खोटं बोलून घालवली."

मी डॉक्टर नाही. त्या एका दुपारने काय केलं आणि काय आधीच व्हायचं होतं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की त्याचा संबंध नाही, पण तपासणी खात्यातल्या माणसाला दुसऱ्याची सही पुरत नाही. त्यांचे दोन्ही हात भरलेले होते, त्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते. ते मला बघवेना.

"काकूंना माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

"दगडफूल द्यायला आल्या ना, तेव्हा म्हणाल्या. म्हणाल्या, ह्यांनी आज फिल्टर काढलाय. मी विचारलं तर आहे म्हणाले, मग मीही आहे असंच धरून चालले."

काकू असं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. धने आधी भाज, एवढंच म्हणाल्या होत्या. मी बँकेत पंचवीस वर्षं काढली, खोट्या सह्या पकडल्या, आणि त्या दिवशी इतकं सरळ खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा होता, "मग नंतर ती गाडीत का बसली नाही?"

मी नुसतं तोंड उघडलं.

"तुम्ही तो परत बसवलात म्हणून," मी म्हटलं.

हे कुठून आलं मला ठाऊक नाही. कदाचित ते खरंही असेल. दोन वर्षं काकू त्या काचांच्या आतून हात हलवत होत्या आणि आम्ही सगळे किती छान सोय झाली म्हणत होतो. एका दुपारी त्यांना अख्खं गाव नाकाने परत मिळालं होतं, आणि त्यानंतर त्या वस्त्रगाळ हवेत जाऊन बसायचं. मीही बसले नसते.

कंपाउंडात कुणीतरी गादीला काठीने झोडपत होतं. काकांनी जुना फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळला. नव्याचा बाण बघितला, तो जागेवर सरकवला, वरचं झाकण लावलं, खण बसवला आणि दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. हातांना काम आलं तसा चेहरा जरा सैल झाला. हजार तुकड्यांतून एक वाकडा तुकडा नुसत्या बोटाने ओळखणारा माणूस तो. माझं खोटं त्यांच्या हाताला लागलं नसेल, असं मला आजही वाटत नाही.

ते पाटावरून उठले नाहीत. दाराला धरून बसून राहिले, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "ती आणखी काय म्हणाली?"

मी गाडीच्या उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले.